बार्सिलोना ते माद्रिद: आधी गाडी ठरवा, मग बाकीचा दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं, साडेपाच वर्षांची मुलगी, ७१ वर्षांचे सासरे आणि ६६ वर्षांच्या सासूबाई असे पाच जण नाशिकहून निघणार. मुंबईहून विमानानं बार्सिलोनाला उतरायचं, चार रात्री तिथे, चार रात्री माद्रिदला, आणि परतीचं विमान माद्रिदहून. ३० एप्रिलच्या संध्याकाळी बार्सिलोना सोडायचं आणि १ मे रोजी प्रादो संग्रहालय बघायचं, असं तुम्ही ठरवलं आहे. हा मधला प्रवास विमानानं करावा की रेल्वेनं, कोणत्या कंपनीची गाडी घ्यावी, तिकीट आत्ताच काढावं की तिथे स्टेशनवर, पाच मोठ्या बॅगांचं काय, सासूबाईंच्या शाकाहारी जेवणाचं काय, आणि वाटेत सारागोसा बघता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

रेल्वेनंच जा. फक्त ३० तारखेच्या संध्याकाळी जाऊ नका, त्याच दिवशी सकाळी साडेदहा-अकराच्या गाडीनं जा. आणि प्रादो १ मेला बंद असतं. वर्षातून तीनच दिवस ते पूर्ण बंद असतं: १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर.

मी अकरा वर्षं माद्रिदमध्ये राहते आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबांच्या सहली आखून देणं हेच माझं काम आहे. या मार्गावरून मी स्वतः इतक्या वेळा गेले आहे की आता मोजत नाही. लोकांच्या सहली कुठे अडतात हे पाहून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. आपण आधी हॉटेल ठरवतो, मग स्थळं ठरवतो आणि रेल्वेचं तिकीट शेवटी काढतो, कारण गाड्या काय, असतातच, हा आपला घरचा अनुभव. स्पेनमध्ये क्रम उलटा ठेवा. इथे तिकीट म्हणजे त्या एका गाडीतली ती एक जागा. ही चुकली तर पुढच्या गाडीत उभ्यानं जाऊ, असं करता येत नाही. वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही, तत्काळ नाही. सगळ्या जागा भरल्या की ती गाडी तुमच्यासाठी संपली. तेव्हा विमानाचं तिकीट काढलंत की लगेच या गाडीचा दिवस आणि वेळ ठरवा आणि हॉटेल, संग्रहालय, जेवण तिच्या अवतीभोवती बसवा.

आता विमान का नको ते सांगते. १९७४ पासून या दोन शहरांमध्ये 'पुएन्ते आएरेओ' म्हणजे हवाई पूल नावाची विमानसेवा चालते, आणि एके काळी हा जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानमार्गांपैकी एक होता. २० फेब्रुवारी २००८ रोजी बार्सिलोनापर्यंतचा वेगवान रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि चित्र पालटलं. ६२१ किलोमीटरचं अंतर, आणि न थांबणारी गाडी ते साधारण अडीच तासांत कापते. मध्ये थांबणाऱ्या गाड्यांना पावणेतीन ते सव्वातीन तास लागतात. विमान हवेत सव्वा तासच असतं, हे खरं. पण एल प्रात विमानतळ गाठणं, दीड तास आधी पोचणं, पाच बॅगा जमा करणं, माद्रिदच्या बाराखास विमानतळावर उतरून त्या परत मिळेपर्यंत पट्ट्याशी उभं राहणं आणि तिथून शहरात येणं, हे सगळं धरलं तर पावणेपाच तास सहज जातात. रेल्वेनं हॉटेलच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत चार-सव्वाचार तास लागतात. दोन्ही स्टेशनं शहराच्या पोटात आहेत. सासऱ्यांना पाय मोकळे करायला डब्यात चालता येतं, मुलीला खिडकी मिळते. विमान मी एकाच प्रसंगी सुचवते: तेच विमान पुढच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या तिकिटाला जोडलेलं असेल तेव्हा. तुमचं तसं नाही. उलट बार्सिलोनात उतरून माद्रिदहून परतायचं हे तुम्ही फार छान केलंत. येणं-जाणं एकाच शहरातून ठेवून हा प्रवास दोनदा करणारी कितीतरी कुटुंबं मी पाहते.

तारखेचं थोडं सविस्तर सांगते, कारण खरा पैसा तिथेच जातो. १ मे हा आपला महाराष्ट्र दिन, आणि कामगार दिन म्हणून स्पेनभर सुट्टीचा दिवस. माद्रिद प्रांताचा दिवस २ मे, तिथे त्या दिवशीही सुट्टी. दोन सुट्ट्या लागून आल्या, आणि त्यांना शनिवार-रविवार जोडता आला, की त्याला इथे 'पुएन्ते' म्हणतात, म्हणजे पूल. पुलाच्या आदल्या दिवशी दुपारनंतर अर्धा देश कुठेतरी निघालेला असतो. शुक्रवार आणि रविवारच्या संध्याकाळी तर एरवीही भाडं चढलेलं असतं. ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे सेमाना सान्ता, ऑगस्टचे पहिले दिवस, १२ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि ६ ते ८ डिसेंबर हे असेच गर्दीचे काळ. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला बार्सिलोनात मोबाइल वर्ल्ड काँग्रेस भरते. पुण्या-मुंबईहून कंपनीच्या कामासाठी येणाऱ्यांनी त्या आठवड्याचं तिकीट तर तारखा जाहीर होताच काढून ठेवावं.

सकाळी सहा ते नऊच्या गाड्या कामानिमित्त फिरणाऱ्यांनी भरलेल्या असतात आणि महागही असतात. साडेदहा ते बाराच्या दरम्यानच्या गाड्या मला कुटुंबांसाठी सर्वांत आवडतात. बार्सिलोनातलं हॉटेल अकरा-बारापर्यंत सोडायचं असतं, माद्रिदमधली खोली दोन-तीनला मिळते, आणि गाडी दीड-दोनच्या सुमाराला पोचवते. स्पॅनिश लोक जेवतातही दोननंतरच. म्हणजे कुठेही ताटकळायला नको, आणि बॅगा घेऊन भटकायला नको.

तुम्ही तिथे असताना २ मे येतोय, तर प्रादो त्या दिवशी ठेवा. १८०८ मध्ये २ मे रोजी माद्रिदचे लोक नेपोलियनच्या फौजेविरुद्ध रस्त्यावर उतरले, आणि ३ मेच्या पहाटे फ्रेंच सैनिकांनी पकडलेल्यांना गोळ्या घातल्या. गोयानं १८१४ मध्ये या दोन्ही प्रसंगांची दोन भव्य चित्रं काढली. ती प्रादोमध्ये आहेत. हात वर केलेला तो पांढऱ्या सदऱ्यातला माणूस, समोर पाठमोऱ्या सैनिकांची रांग आणि जमिनीवर ठेवलेला कंदील. त्या दिवशी त्या चित्रापुढे उभं राहायला मिळणं मला मोलाचं वाटतं. सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ प्रवेश फुकट असतो, पण रांग लांब असते. सासू-सासऱ्यांना घेऊन जाताना तिकीट काढूनच जा.

आता कंपन्यांविषयी. रूळ आणि स्टेशनं 'आदिफ' या सरकारी संस्थेकडे आहेत, आणि त्यांच्यावरून तीन वेगवेगळ्या कंपन्या गाड्या चालवतात. सरकारी रेन्फेची मुख्य वेगवान गाडी म्हणजे 'आवे'. हे स्पॅनिश वेगवान रेल्वेच्या नावाचं लघुरूप आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ पक्षी असाही होतो. रेन्फेचीच स्वस्त शाखा म्हणजे 'आव्लो'. ती या मार्गावर सदैव असतेच असं नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर बेत करू नका. मे २०२१ मध्ये फ्रेंच रेल्वेची 'वीगो' आली, तिच्या गाड्या दुमजली. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'इर्यो' आली, तिच्या लाल गाड्या इटालियन बनावटीच्या. या चढाओढीमुळे भाडी बरीच उतरली. माझ्या पाहण्यात दोन महिने आधी तिकीट काढलं तर माणशी साधारण ३० ते ५० युरोंत चांगल्या वेळेची गाडी मिळते. कधी त्याहूनही स्वस्त. आदल्या दिवशी तीच जागा शंभरीच्या पुढे गेलेली असते. आपल्या रेल्वेसारखं ठरावीक भाडं इथे नाही. विमानासारखं ते मागणीनुसार वर चढत जातं.

रेन्फेच्या संकेतस्थळावर वीगो आणि इर्यो दिसणार नाहीत. तिन्ही एकत्र बघायला ट्रेनलाइनसारखं ॲप वापरा. थोडं सेवाशुल्क पडतं, पण तुलना पाच मिनिटांत होते.

तुमच्या कुटुंबासाठी मी आवे निवडेन. ती सर्वांत स्वस्त निघाली नाही तरी. पहिलं कारण सामान. आवेमध्ये प्रत्येक प्रवाशाला तीन नग, मिळून २५ किलोपर्यंत, तिकिटातच नेता येतात. वीगोच्या मूळ भाड्यात हातातली एक पिशवी आणि विमानाच्या केबिनमध्ये मावेल एवढी एक छोटी बॅग बसते. मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे, आणि तेही तिकीट काढतानाच भरलेले बरे. पाच मोठ्या बॅगांचे पैसे मिळवले की स्वस्त तिकीट स्वस्त राहत नाही. शिवाय दुमजली गाडीत वरची जागा आली तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला आतला जिना चढावा लागतो.

दुसरं कारण लोकांना सहसा ठाऊकच नसतं. आवेच्या तिकिटात दोन्ही शहरांतल्या लोकल गाडीचा प्रवास समाविष्ट असतो: गाडी सुटण्याआधीच्या चार तासांत आणि पोचल्यानंतरच्या चार तासांत. तिकिटावर 'कोम्बिनादो सेर्कानियास' असा एक संकेतांक छापलेला असतो. लोकल स्टेशनवरच्या यंत्रात तो टाकला की लोकलचं तिकीट बाहेर येतं, वेगळे पैसे नाहीत. माद्रिदच्या लोकलला सेर्कानियास म्हणतात, बार्सिलोनाच्या लोकलला रोदालियस. तुमचं हॉटेल माद्रिदच्या सोल चौकाजवळ असेल तर आतोचाहून सोलपर्यंतचं एकच स्टेशन याच तिकिटावर जाता येईल.

आवेच्या तिकिटाचे मुख्य प्रकार तीन: बासिको, एलिखे आणि प्रीमियम. बासिको सर्वांत स्वस्त आणि सर्वांत ताठर, बदल करता येत नाही असंच धरून चाला. एलिखेमध्ये काही पैसे कापून तारीख-वेळ बदलता येते. तुमच्याबरोबर लहान मूल आणि दोन ज्येष्ठ आहेत. मुलीला ताप आला, सासऱ्यांना एक दिवस विश्रांती हवी झाली, तर पाच तिकिटं वाया जाण्यापेक्षा माणशी थोडे जास्त मोजून एलिखे घ्या. तरुण जोडप्याला मी बासिकोच सांगते. ६० वर्षांवरच्यांसाठी रेन्फेचं 'तारखेता दोरादा' नावाचं सवलतीचं कार्ड आहे, पण ते विकत घ्यावं लागतं आणि सर्वांत स्वस्त भाड्यांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही; तुमच्या एका प्रवासासाठी त्याच्या मागे लागू नका. मुलीला लहान मुलांच्या दरात स्वतंत्र जागा मिळेल. चार वर्षांखालची मुलं मांडीवर बसून फुकट जातात, पण त्यांचंही शून्य युरोचं तिकीट काढावं लागतं. युरेल पासचा विचार असेल तर सोडून द्या: आवेमध्ये पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, आणि वीगो-इर्यो तो पास स्वीकारत नाहीत.

तिकीट भारतात असतानाच काढा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या. ओटीपी तुमच्या नेहमीच्या नंबरवर येणार, आणि तिकडे पोचल्यावर सिम बदललेलं असलं की तिथेच गाडं अडतं. अर्जात आडनावाचे दोन रकाने दिसतील. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. तुम्ही दुसरा रकाना मोकळा सोडा, तिथे सासऱ्यांचं नाव घालू नका. ओळखपत्राच्या जागी पासपोर्ट निवडून क्रमांक नीट लिहा. जागा निवडताना टेबलाभोवती समोरासमोरच्या चार जागा आणि जवळची पाचवी मिळते का बघा. 'सिलेन्सियो' म्हणजे शांततेचा डबा मात्र टाळा. तिथे फोनवर बोलायचं नाही, गप्पाही जवळजवळ नाहीत. लहान मुलीची दमछाक होईल. गाड्यांचं वेळापत्रक एका ठरावीक दिवशी आगाऊ उघडत नाही, टप्प्याटप्प्यानं उघडतं. तुमची तारीख दिसत नसेल तर आठवड्यातून एकदा बघत राहा, पण कुठल्याही एजंटला घाबरून जादा पैसे देऊ नका.

सासऱ्यांना फार चालवत नसेल तर आदिफची 'आसेर्का' नावाची मदतसेवा आहे. ती फुकट आहे. तिकीट काढतानाच किंवा नंतर लगेच नोंदणी करा. माणूस चाकाच्या खुर्चीसह डब्यापर्यंत सोडतो आणि दुसऱ्या टोकाला उतरवूनही घेतो. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी संकोचानं नको म्हणतात. तुम्ही परस्पर नोंदवून टाका.

प्रवासाच्या दिवशी कसं जायचं ते आता. बार्सिलोनाचं स्टेशन म्हणजे सान्त्स. मेट्रोच्या हिरव्या एल-३ आणि निळ्या एल-५ अशा दोन मार्गिका तिथे येतात. सग्रादा फामिलियाहून एल-५नं थेट. पण पाच बॅगा घेऊन मेट्रोचे जिने उतरू नका. मोठी टॅक्सी सांगा, पाच जणांना एकच पुरते. सान्त्समधल्या पाट्या आधी कातालान भाषेत असतात. सुटणाऱ्या गाड्यांना स्पॅनिशमध्ये 'सालिदास', तर कातालानमध्ये 'सोर्तिदेस'. गोंधळ असा की हाच शब्द एकवचनी 'बाहेर जाण्याचा मार्ग' म्हणूनही येतो. बाण बघून धावत सुटू नका, गाडी क्रमांक लिहिलेला फलक शोधा. फलाटाला 'विया', डब्याला 'कोचे', आसनाला 'प्लासा' म्हणतात. एवढे शब्द पुरतात.

गाडी सुटायच्या चाळीस मिनिटं आधी स्टेशनात पोचा. वेगवान गाड्यांसाठी विमानतळासारखं सामान स्कॅनरमधून जातं. चाकू, मोठी कात्री वगैरे बॅगेत नको. त्यानंतर तिकीट तपासून फलाटावर सोडतात, आणि फलाट क्रमांक बराच उशिरा लागतो. आधीच कुठे उभं राहायचं याची चिंता नको. मात्र एक लक्षात ठेवा, गाडीच्या वेळेआधीच फलाटाचं दार बंद होतं. रेन्फेचं दोन मिनिटं आधी. साडेदहाची गाडी म्हणजे दहा अठ्ठावीसपर्यंत तुम्ही आत हवेत. डब्यात शिरल्या शिरल्या मोठ्या बॅगा दाराजवळच्या मांडणीत लावा. उशिरा चढणाऱ्यांना तिथे जागा उरत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका कुटुंबाची सहल मी आखून दिली होती, तेव्हा याच्या उलट दिशेला, माद्रिदहून बार्सिलोनाला, ते निघाले होते. मेट्रोची एक नंबरची मार्गिका घ्या, एवढंच मी लिहिलं होतं. त्या मार्गिकेवर 'आतोचा' नावाचं स्टेशन आहे आणि त्याच्या अलीकडे 'एस्तासिओन देल आर्ते' आहे. या दुसऱ्या स्टेशनचं नाव २०१८ पर्यंत 'आतोचा' होतं, आणि आजच्या आतोचाचं 'आतोचा रेन्फे'. त्यांच्याजवळच्या जुन्या नकाशावर आतोचा जिथे छापलेलं होतं तिथे ते उतरले. वर आल्यावर समोर स्टेशनची इमारत दिसत होती, पण रस्ता ओलांडून, बॅगा ओढत, बाजूनं फिरून दारापर्यंत पोचायला वीस मिनिटं गेली. दार बंद झालं होतं. त्यांची तिकिटं न बदलणारी होती. पुढच्या गाडीसाठी जवळजवळ तिप्पट पैसे मोजावे लागले. त्या दिवसापासून मी स्टेशनचं नाव आणि दाराची बाजू लिहून दिल्याशिवाय कुणालाही सोडत नाही. तुमच्याबाबत हा प्रश्न माद्रिदला पोचताना येईल, कारण माद्रिदला दोन मोठी स्टेशनं आहेत. दक्षिणेला आतोचा, उत्तरेला चामार्तिन. बार्सिलोनाच्या गाड्या आतोचाला येतात. तिकिटावर नाव पूर्ण लिहिलेलं असतं, 'पुएर्ता दे आतोचा – आल्मुदेना ग्रान्देस'. २०२२ मध्ये एका लेखिकेचं नाव त्याला जोडलं. एवढं लांब नाव बघून हे दुसरंच स्टेशन म्हणून घाबरू नका.

जेवण. डब्यात कॅन्टीन असते, पण शाकाहारी माणसासाठी तिथे फारसं काही नसतं. सासूबाई अंडं खात नसतील तर 'तोर्तिया' चालणार नाही, ती बटाटा आणि अंड्याची असते. आणि 'सँडविच वेखेताल' या नावावर तर मुळीच विसंबू नका. नाव भाजीचं, आत बहुधा अंडं, पुष्कळदा ट्यूना मासा. स्वतःचं खाणं गाडीत न्यायला काहीही हरकत नाही. दशम्या, कोरडी चटणी, फळं, मुलीसाठी काहीतरी गोड, आणि पाण्याच्या दोन बाटल्या. पाण्याचा आग्रह मी एका कारणानं धरते: २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली तेव्हा गाड्या रुळांवर जिथल्या तिथे थांबल्या आणि लोक तासन्‌तास डब्यात अडकले. असं क्वचितच होतं, पण बरोबर म्हातारी माणसं आणि मूल असताना पाणी, औषधं आणि थोडे रोख युरो हाताशी असावेत. औषधं वर ठेवलेल्या बॅगेत नकोत, पर्समध्ये हवीत.

संप हाही इथल्या आयुष्याचा भाग आहे. तो आधी जाहीर होतो आणि कायद्यानं ठरलेल्या किमान गाड्या चालवाव्याच लागतात. तुमची गाडी रद्द झाली तर ईमेल येतं आणि दुसऱ्या गाडीत जागा देतात. म्हणून तिकीट काढताना रोज बघता तोच ईमेल द्या. उशिराच्या भरपाईचे नियम कंपनीनुसार वेगळे आहेत. १९९४ मध्ये रेन्फेनं माद्रिद–सेव्हिल्या मार्गावर पाच मिनिटांहून जास्त उशीर झाल्यास पूर्ण पैसे परत अशी हमी दिली होती, आणि या गाड्यांवर लोकांचा विश्वास बसण्यात त्या हमीचा मोठा वाटा आहे. आताचे नियम तितके उदार नाहीत, तरी गाडी बरीच उशिरा पोचली तर अर्ज जरूर करा.

सारागोसा या खेपेला नको, असं माझं स्पष्ट मत आहे. एका तिकिटावर मध्ये उतरून पुन्हा चढता येत नाही. बार्सिलोना–सारागोसा आणि सारागोसा–माद्रिद अशी दोन वेगळी तिकिटं काढावी लागतात, म्हणजे दोनदा स्कॅनर, दोनदा पाच बॅगा. स्टेशनवर 'कोन्सिग्ना' म्हणजे सामानघर असतं, पण देलिसियास स्टेशन जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटरवर आहे. शहर सुंदर आहे. एब्रो नदीकाठची पिलारची बासिलिका, आतल्या घुमटाखाली तरुण गोयानं रंगवलेली भित्तिचित्रं, स्टेशनपासून फार दूर नसलेला अल्खाफेरिया हा अरबी राजवाडा. इतकं सगळं चार तासांत धावत बघू नये. पुढच्या वेळी एक रात्र राहा. गाडीत 'थारागोथा' असं ऐकू आलं की ते तेच शहर, खिडकीतून त्याला हात करा. असाच एक इशारा 'काम्प दे तारागोना' या स्टेशनविषयी: ते तारागोना शहरात नाही, शहरापासून चांगलं दहाएक किलोमीटर दूर माळावर आहे. रोमन अवशेष बघायला तारागोनाला जायचं असेल तर साधी लोकल पकडा.

खिडकीबाहेर बघायला मुलीला सांगा. बार्सिलोना सोडल्यावर हवा स्वच्छ असेल तर उजव्या हाताला मोन्सेरातचे करवतीसारखे सुळके दिसतात, मग पेनेदेसचे द्राक्षमळे. नाशिकची मुलगी ते लगेच ओळखेल, फक्त इथल्या वेली मांडवावर चढवलेल्या नसतात, बुटक्या ठेवतात. येय्दाजवळ टेकडीवर जुनं कॅथेड्रल आणि आसपास फळबागा. त्यानंतर मोनेग्रोसचा उजाड, पांढुरका माळ, जिथे एखादं झाडही लांबून मोजता येतं. सारागोसानंतर खालोन नदीचं खोरं, तांबूस माती, आणि मग गाडी चढायला लागते. समुद्रसपाटीवरून निघालेली ही गाडी हजार मीटरच्या वर जाऊन साडेसहाशे मीटर उंचीवरच्या माद्रिदला उतरते. कोकणातून घाट चढून देशावर यावं तसं, फक्त वळणं नाहीत. बोगदे आणि पूल यांतून सरळ रेषेत, ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास.

सासरे रेल्वेत नोकरीला होते असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. स्पेनचे जुने रूळ १६६८ मिलिमीटरचे, आपले १६७६. केवळ आठ मिलिमीटरचा फरक. पण १९९२ मध्ये माद्रिद–सेव्हिल्या हा पहिला वेगवान मार्ग बांधताना त्यांनी जुना रुंद गेज सोडून उरलेल्या युरोपसारखा १४३५ मिलिमीटरचा घेतला, आणि त्यामुळे आज गाडी फ्रान्सपर्यंत जाते. आपल्या मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा गेजही १४३५च आहे. २०१६ मध्ये दिल्ली–मुंबई मार्गावर चाचणीसाठी आलेली टॅल्गो गाडी त्यांना आठवत असेल. ती याच देशातली. शेवटच्या चाचणीत तिनं ते अंतर बारा तासांच्या आत कापलं होतं. आवेच्या ताफ्यात टॅल्गोच्याही गाड्या आहेत. सान्त्सच्या फलाटावर बदकाच्या चोचीसारखं लांब नाक असलेली गाडी लागली तर ती टॅल्गोची, त्यांना नक्की दाखवा.

आतोचाला उतरलात की लगेच टॅक्सीच्या रांगेत जाऊ नका. जुन्या, १८९२ च्या लोखंड-काचेच्या इमारतीत आता गाड्या येत नाहीत, तिथे आत उंच ताडामाडांची बाग केली आहे. बाक आहेत, ऊन लागत नाही. दशम्यांचा डबा तिथे बसून संपवा. पिकासोचं 'गेर्निका' ज्या रेइना सोफिया संग्रहालयात आहे ते तिथून पाच मिनिटांवर, पण तेही १ मेला आणि दर मंगळवारी बंद. तुमच्या चार दिवसांत त्यासाठी दुसरा दिवस काढा. परतीचं विमान टर्मिनल ४ वरून असेल तर आतोचाहून सेर्कानियासची लोकल थेट तिथवर जाते, साधारण अर्ध्या तासात. पहाटेचं विमान असेल तर पिवळी २०३ क्रमांकाची बस किंवा टॅक्सी. ही बस रात्री आतोचाहून नाही, सिबेलेस चौकातून सुटते.

आज एवढंच करा: ३० एप्रिल, सान्त्स ते आतोचा, सकाळी साडेदहा ते साडेअकरा, आवे, एलिखे, पाच जागा. भाडं बघा आणि मला कळवा. सासऱ्यांच्या मदतसेवेची नोंदणी कशी करायची ते मी तुम्हाला पायरी-पायरीनं लिहून देते.